मिरजेच्या भावासाठी दिलेलं मत

उइटहॉर्नच्या त्या घरात मला माळ्यावरची खोली मिळाली ती माझ्या विषयामुळे. मराठी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी एक नंबर टाकला होता. मी भीतभीतच फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी गाव कुठलं, जेवणखाण काय, असं विचारून झाल्यावर काय शिकतोस म्हणून विचारलं. मी म्हटलं, "राज्यशास्त्र. म्हणजे, ब्रेक्झिटमुळे ब्रिटनमधल्या पक्षांचे नेते कसे बदलतात आणि निवडणुकीत त्या पक्षांचं काय होतं, यावर एमएचा प्रबंध करतोय."

ते मोठ्याने हसले आणि घरात कुणाला तरी ओरडून म्हणाले, "अगं, ऐकलंस का? तुझा डॉक्टर मिळाला!"

मला त्या हसण्याचा अर्थ लागला नाही. पण ॲमस्टरडॅममध्ये खोली मिळवणं किती कठीण आहे हे तोवर कळलं होतं, त्यामुळे मी काही विचारलं नाही. उइटहॉर्न ॲमस्टरडॅमच्या दक्षिणेला आहे. बसने कॉलेजला जायला वेळ लागायचा, पण घर उबदार होतं आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातून फोडणीचा वास यायचा. मी त्यांना दादा आणि वहिनी म्हणायला लागलो. नातं काही नव्हतं. त्यांची पाच-सहा वर्षांची मुलगी मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. शाळेतून नुकतीच आली असेल तर डचमध्ये.

पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की वहिनींकडे सायकल नाही. त्या गल्लीत सायकल नसलेलं दुसरं माणूस नसावं. वहिनी दुकानात चालत जायच्या, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालत यायच्या. शिवाय जिन्याखाली खोकी होती, लंडनहून आणलेली, चिकटपट्टीसुद्धा न काढलेली. एकदा मी विचारलं, "वहिनी, ही वर माळ्यावर नेऊन ठेवू का?"

"राहू दे," त्या म्हणाल्या. "परत खाली कोण आणणार?"

हळूहळू गोष्ट कळली. दादा लंडनला एका वित्तीय कंपनीत होते. ब्रेक्झिटचं, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडायचं, ठरल्यावर कंपनीने त्यांचा विभाग ॲमस्टरडॅमला हलवला, कारण युरोपातला धंदा युरोपातूनच करावा लागणार होता. वहिनी लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयात फार्मासिस्ट होत्या. वॉर्डांत जाऊन डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधांवर नजर ठेवायची आणि चूक दिसली तर डॉक्टरांना थांबवायचं, हे त्यांचं काम. इथे ते करायचं तर आधी उत्तम डच हवं, मग परीक्षा, मग नोंदणी. रुग्णालयाने त्यांना बिनपगारी मोठी रजा दिली होती आणि जागा राखून ठेवली होती. वर्ष संपायच्या आत त्यांनी कळवायचं होतं, परत येताय की जागा सोडताय.

दादांचे साहेब म्हणत होते की ब्रेक्झिट रद्द झालं तर विभाग परत लंडनला जाईल. म्हणजे वहिनींची नोकरी ब्रिटनच्या पुढच्या निवडणुकीवर अवलंबून होती. मला खोली का मिळाली ते तेव्हा कळलं.

पण दादांच्या हसण्यामागे आणखी एक गोष्ट होती. ती एका रविवारी जेवताना समजली. ॲमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्ट भागातून दादांच्या नव्या ओळखीचं एक मराठी जोडपं जेवायला आलं होतं. पुरणपोळीचा बेत होता. कुणीतरी म्हणालं, लंडन सोडून इकडे कसे आलात? दादांनी तुपाची वाटी पुढे सरकवली आणि म्हणाले, "बाईसाहेबांची कृपा. यांनी एक मत दिलं आणि आख्खं ऑफिस समुद्रापलीकडे आणून ठेवलं. एवढी ताकद तर आमच्या चेअरमनची नाही!"

सगळे हसले. वहिनीही हसल्या. मी मात्र गोंधळलो. "म्हणजे? तुम्हाला तिथं मत होतं? तुमचा पासपोर्ट तर भारताचा आहे."

"होतं की," वहिनी म्हणाल्या. "एवढा अभ्यास करतोस आणि हे माहीत नाही? ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय माणसाला मत असतं. राणीच्या जुन्या राज्यातली माणसं ना आपण. सार्वमतातही होतं."

"आणि दिलं कशाला? बाहेर पडायला!" दादांनी टाळी मागितली. पाहुण्यांनी दिली.

वहिनींनी मला नंतर, भांडी घासताना, सगळं सांगितलं. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला त्यांना धाकट्या भावाला मिरजेहून बोलवायचं होतं. भाऊ मिरजेच्या एका दवाखान्यात वॉर्डात काम करायचा. त्याला नुसता भेटीचा व्हिसासुद्धा मिळाला नाही. हा परत जाईल याची खात्री वाटत नाही, असं उत्तर आलं. त्याच सुमारास त्यांच्या विभागातल्या एका स्पॅनिश मुलाचा चुलतभाऊ नुसतं ओळखपत्र खिशात टाकून आला, सोफ्यावर तीन महिने झोपला, आणि नोकरी शोधून तिथेच राहिला.

"मग एक दिवस प्रचारवाला दारात आला. आपल्यातलाच, गुजराती. म्हणाला, बेन, युरोपवाले आना बंद होगा, तो अपने लोगों का नंबर लगेगा. मला पटलं. अजूनही त्यात चूक काय होती ते मला सांगता येत नाही. फक्त माझ्या शेजारी पोलंडची मैत्रीण काम करायची. पंधरा वर्षं तिथे राहिलेली, पण तिला मत नव्हतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांकडे नुसतं पाहिलं. कुणी काय केलंय, असं. मी गोळ्या मोजत राहिले."

त्यांनी कढई पालथी घातली. "आणि यांना हा विनोद वाटतो."

मी कढई पुसून ठेवली. बोलणं मला एरवीही जमत नाही. त्याचं कारण बहुधा घरातच आहे. उदगीरला माझे वडील लाऊडस्पीकर भाड्याने देतात. लग्नं, जयंत्या, गणपती, आणि मुख्य म्हणजे निवडणुका. निवडणुकीत आमच्या रिक्षाला भोंगे बांधले जायचे. सकाळी एका पक्षाची घोषणा वाजायची, दुपारी त्याच भोंग्यातून दुसऱ्याची. वडिलांचा एकच कडक नियम होता. घरातल्या कुणीही, अगदी अंगणात खेळतानासुद्धा, अमुक निवडून यावा असं म्हणायचं नाही. "भोंगेवाल्याला मत नसतं," ते म्हणायचे. शेजाऱ्यांनी विचारलं की आई म्हणायची, "सगळेच चांगले आहेत बाई." घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. राज्यशास्त्र घेतलं ते इतक्या घोषणा ऐकून उत्सुकता वाटली म्हणून, पण मत नसण्याची सवय माझ्याबरोबर कॉलेजात आली आणि तिथून हॉलंडलाही.

माझ्या मार्गदर्शक बाई डच होत्या. त्यांनी माझं पहिलं प्रकरण वाचलं आणि म्हणाल्या, "तू सगळ्यांच्या बाजू छान मांडल्यास. तुझी बाजू कुठल्या पानावर आहे?"

मी म्हटलं, "अजून पुरावा अपुरा आहे."

"पुरावा नेहमीच अपुरा असतो. तुला काय वाटतं?"

इथली माणसं असं सरळ विचारतात. रागाने नाही.

मला काय वाटत होतं ते खरं तर मला माहीत होतं. ब्रिटनचा सत्ताधारी पक्ष या प्रश्नावर आतून फाटलेला होता. एका नेत्याने पक्षातली कुरबुर मिटवायला सार्वमत घेतलं आणि हरल्यावर तो निघून गेला. मग बाई आल्या. त्यांनी युरोपशी करार केला. तो त्यांच्याच पक्षाच्या खासदारांनी पुन्हा पुन्हा पाडला आणि शेवटी त्याही रडवेल्या आवाजात राजीनामा देऊन गेल्या. तिसऱ्याने मात्र वेगळं केलं. जे खासदार ऐकेनात त्यांना त्याने पक्षाबाहेर काढलं, आणि हे एकदाचं संपवून टाकू, एवढंच म्हणत ऐन थंडीत निवडणूक लावली. ज्या प्रश्नाने दोन नेते खाल्ले त्याच प्रश्नावर तिसरा उभा राहिला होता.

विरोधी पक्षाची अडचण उलटी होती. त्यांचे जुने मतदार होते खाणी आणि गिरण्या बंद पडलेल्या गावांत, त्यांना युरोपातून बाहेर पडायचं होतं. नवे मतदार होते शहरांत, त्यांना राहायचं होतं. दोघांना सांभाळायला त्यांच्या नेत्याने जाहीर केलं की आम्ही पुन्हा सार्वमत घेऊ, पण मी स्वतः कुठल्याच बाजूने बोलणार नाही.

हे मी एकदा जेवताना सांगितलं तेव्हा वहिनींचा घास हातातच राहिला. "हा तर अगदी तुझ्यासारखा आहे रे! तुला आमटी वाढू की कढी विचारलं तरी तू 'काहीही चालेल' म्हणतोस."

"प्राध्यापक, आता तुमचं पक्षात नाव नोंदवा," दादा म्हणाले. "नेतेपद लवकरच रिकामं होणार आहे."

मी हसलो. मग दादांनी जरा गंभीर होऊन विचारलं, "पण खरंच, आकडे काय सांगतात? युरोपात राहावं म्हणणारे आता जास्त झालेत म्हणतात."

"लोक असतील," मी म्हटलं. "पण तिथं आपल्यासारखंच आहे. एका जागेवर ज्याला सगळ्यात जास्त मतं, तो निवडून येतो. राहावं म्हणणाऱ्यांची मतं तीन-चार पक्षांत वाटली जाणार. बाहेर पडा म्हणणारा दुसरा जो नवा पक्ष होता, त्याने सत्ताधाऱ्यांच्या जागांवरचे उमेदवार मागे घेतले."

"म्हणजे एकाने अर्ज मागे घेतला आणि बाकीचे एकमेकांची मतं खाणार."

"हो. तसंच."

डच बाईंना हे समजवायला मला दोन आकृत्या काढाव्या लागल्या होत्या. त्यांच्याकडे मतं खाल्ली जात नाहीत. थोडी मतं मिळाली तर थोड्या जागा मिळतात आणि मग सगळे महिनोन् महिने बसून सरकार जुळवतात. दादांना आणि वहिनींना मात्र एका वाक्यात कळलं. वहिनी उठल्या आणि त्यांनी न विचारता मला कढी वाढली.

त्यानंतर दोन दिवसांनी, दुपारी, घरात आम्ही दोघंच होतो. मी खाली चहा करायला आलो तर वहिनी टेबलाशी बसल्या होत्या. पुढ्यात लॅपटॉप होता. रुग्णालयाला लिहायची मेल उघडी होती आणि त्यात फक्त नमस्कार लिहिलेला होता.

"बस," त्या म्हणाल्या. "मला एवढंच सांग. मी काय कळवू?"

"वहिनी, मी कसं सांगणार? अजून निवडणूक व्हायची आहे. अंदाज चुकतात. मागच्या वेळी सगळ्यांचे चुकले."

"ते मला माहितीये. मला अंदाज नको. तू वर खोलीत बसून रोज तेच वाचतोस. तुला काय दिसतंय?"

चहा उतू चालला होता. मी गॅस बंद केला. वडिलांचा नियम आठवला, म्हणजे तो मला आठवावा लागत नाही. पण या बाई चार महिने मला जेवायला घालत होत्या आणि विचारत होत्या ते स्वतःच्या कामाबद्दल. मी म्हटलं, "मला वाटतं विरोधी पक्ष हरेल. मोठ्या फरकाने. दुसरं सार्वमत होणार नाही."

त्यांनी मान हलवली. लॅपटॉप बंद केला. मग म्हणाल्या, "बरं. मग निकाल लागेपर्यंत तू चुकतोयस असं समजून चालते मी. चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं, आणि त्या एवढ्या हसल्या की मलाही हसू आलं. पण मेल त्यांनी लिहिली नाही. परत येतेय असंही नाही आणि येत नाही असंही नाही.

एकटीनेच जायचा विचार त्यांनी केला होता का? केला असणार. एकदा त्यांना दादांशी बोलताना ऐकलं होतं. "तू इथे, मी तिथे, आणि ही कुठे?"

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात वहिनींनी ब्रिटन सरकारच्या वेबसाइटवर शोधलं, आपल्याला इथून मत देता येतं का. तिथे राहणाऱ्या भारतीयाला देता येतं. देश सोडला की संपलं. परदेशातून मत फक्त ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना. त्यांनी ते जेवताना सांगितलं. सहजच सांगितलं, पण आवाज कोरडा होता.

दादा म्हणाले, "अगं, एकदा दिलंस ना! पुरे झालं की. किती देशांचं भलं करशील?"

रोजचाच विनोद. पण या वेळी कुणी हसलं नाही. वहिनी ताट घेऊन उठल्या, नळ सोडला, आणि ताट नळाखाली धरून उभ्या राहिल्या. पाणी वाहत होतं. मुलगी आईकडे, मग बापाकडे बघत राहिली. दादा अर्धवट उठले, परत बसले. मला म्हणाले, "मी काय बोललो? नेहमीचंच बोललो ना?"

मी ताटातल्या भाताकडे बघत होतो. त्या घरातल्या आम्हा तिघा मोठ्या माणसांपैकी कुणालाही कुठेच मत नव्हतं. इथल्या संसदेसाठी नाही, तिकडच्या निवडणुकीत नाही, आणि गावच्या यादीत नाव असलं तरी विमानाने जाऊन कोण मत देणार? माझे वडील म्हणायचे ते आता माझ्यापुरतं शब्दशः खरं झालं होतं.

निकालाच्या सकाळी मी लवकर खाली आलो. दादा आधीच उठले होते, मोबाइल पालथा ठेवून चहा पीत होते. वहिनी आल्या. त्यांनी डबा भरायला घेतला, ब्रेडला लोणी लावलं, सुरी धुतली. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "किती?"

"भरपूर," दादा म्हणाले. "जुन्या गिरण्यांची गावंसुद्धा गेली."

"आणि तो? न सांगणारा?"

"जातो म्हणालाय. आणि राहावं म्हणणाऱ्या तिसऱ्या पक्षाच्या नेत्या स्वतःचीच जागा हरल्या."

मुलगी दप्तर घेऊन खाली आली. तिने आमच्या तिघांच्या तोंडांकडे पाहिलं. "सो, वी आर स्टेइंग?"

"हो गं," वहिनी म्हणाल्या. "डबा घे."

त्या दिवशी त्यांनी मेल लिहिली नाही, फोनच केला. त्यांच्या साहेबांऐवजी ती पोलंडची मैत्रीण फोनवर आली. मी जिन्यात होतो, बाहेर पडायचं तर त्यांच्यासमोरून जावं लागलं असतं, म्हणून तिथेच थांबलो. वहिनी इंग्रजीत बोलत होत्या. नाही, येत नाही. हो, नक्की. मग बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू अर्ज कर. नाही, मला वाईट वाटणार नाही. तू कर. दुसऱ्या कुणी तिथे बसलेलं मला आवडणार नाही." फोन ठेवून त्यांनी वर न बघताच म्हटलं, "ये खाली. ऐकलंस ना सगळं?"

"हो."

"तू बरोबर होतास."

ऐकून इतकं वाईट वाटावं अशा गोष्टी माझ्या आयुष्यात फार थोड्या असतील. मार्गदर्शक बाईंनीही तेच म्हटलं, मोठ्या कौतुकाने. माझं प्रकरण आता अंदाज राहिलं नव्हतं, विश्लेषण झालं होतं. प्रबंधाला चांगले मार्क मिळाले. वडिलांना फोन केला तर ते म्हणाले, "कोण आलं निवडून तिकडं?" मी सांगितलं. "चांगला आहे का?" मी म्हटलं, काय माहीत. "बरोबर," ते म्हणाले. त्यांना बरं वाटलं असावं.

वसंत ऋतूत जिन्याखालची खोकी उघडली गेली. त्यात एका कोपऱ्यात वहिनींचा पांढरा कोट निघाला. तो त्यांनी धुतला, वाळवला, इस्त्री केला आणि कपाटात टांगला. पुढे त्या डच शिकल्या. आता त्या गावातल्याच एका औषधांच्या दुकानात काउंटरवर मदत करतात. डॉक्टरांना थांबवायचं काम तिथे नसतं. खोकल्याचं औषध, पोरांच्या डोक्यातल्या उवांचं औषध, असं असतं. सायकल त्यांनी घेतली. दादा तो जुना विनोद परत कधी करत नाहीत. निकालाच्या त्या सकाळनंतर मी तो एकदाही ऐकलेला नाही.

मी इथेच पीएचडीला राहिलो. विषय तोच, कारण तो संपायलाच तयार नव्हता. त्या थंडीत एवढ्या मोठ्या बहुमताने जिंकलेला नेताही फार टिकला नाही, त्याच्याच माणसांनी त्याला घालवलं. त्याच्यानंतरच्या बाई काही आठवडेच राहिल्या. मग दिवाळीच्या दिवसांत आपल्यासारखा दिसणारा एक माणूस पंतप्रधान झाला आणि मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी पेढे वाटले. वहिनींनी पेढा घेतला, अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला. "हा किती दिवस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुढच्या निवडणुकीपर्यंत. तसंच झालं. माझं प्रत्येक प्रकरण लिहून होईपर्यंत त्यातला नेता गेलेला असायचा.

आणि मिरजेचा भाऊ इंग्लंडला पोचला.

युरोपातून माणसं येणं कमी झालं तशी तिथल्या वृद्धाश्रमांत काम करायला माणसं मिळेनात. मग सरकारने त्या कामासाठी बाहेरच्यांना व्हिसा द्यायला सुरुवात केली. दारात आलेला तो गुजराती माणूस म्हणाला होता तसाच आपल्या लोकांचा नंबर लागला. वहिनींनी ज्याच्यासाठी मत दिलं होतं तो विमानतळावर उतरला तेव्हा वहिनी समुद्राच्या अलीकडे होत्या. विमानाने तासाभराचं अंतर. पण दोघांचेही पासपोर्ट भारताचे. त्याला इकडे यायला व्हिसा लागतो, यांना तिकडे जायला व्हिसा लागतो. मुलीचा तो पहिला वाढदिवस जाऊन किती वर्षं झाली. भावाने भाचीचा एकही वाढदिवस अजून प्रत्यक्ष पाहिलेला नाही.

मी आता दुसरीकडे राहतो, पण महिन्यातून एखाद्या रविवारी उइटहॉर्नला जेवायला जातो. गेल्या वेळी गेलो तेव्हा वहिनी थालीपीठं लावत होत्या आणि भाऊ स्पीकरवर होता. तो मला न बघताच साहेब म्हणतो. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावात आहे, गिरण्या बंद पडलेलं गाव. माझ्या पहिल्या प्रबंधात त्या भागाचं नाव होतं.

"साहेब, आमच्याकडं एक आजोबा आहेत," तो सांगत होता. "रोज सकाळी मीच अंघोळ घालतो. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. लई चांगले आहेत. मला विचारतात, तू घरी कधी जाणार? मी म्हणतो, ड्युटी संपल्यावर. ते म्हणतात, तसं नाही, तुझ्या देशात. परवा म्हणाले, आमचा नवीन पक्ष येणार आहे, मग तुम्हाला सगळ्यांना जावं लागेल, पण तू वाईट वाटून घेऊ नको."

"मग तू काय म्हणालास?" वहिनींनी विचारलं.

"म्हटलं, आजोबा, मान जरा मागं करा, साबण डोळ्यात जाईल."

दादा हसायला लागले, मग थांबले.

"पण साहेब," भाऊ म्हणाला, "खरंच येईल का तो पक्ष? इथं कायमचं राहायची परवानगी मिळायला जेवढी वर्षं लागतात, ती वाढवणार म्हणतात. आत्ता जे सरकार आहे तेसुद्धा म्हणतंय. माझी तर मोजदाद चालू आहे. बायकोला काय सांगू?"

मी वहिनींकडे पाहिलं. त्या थालीपीठाला बोटाने भोकं पाडत होत्या. "सांग त्याला," त्या म्हणाल्या. "मला सांगितलं होतंस तसं."

"आत्ता जे दिसतंय त्यावरून," मी म्हटलं, "येऊ शकतो. निदान त्याच्या भीतीने बाकीचे दोन मोठे पक्ष आणखी कडक होतील, हे नक्की."

पलीकडून एखाद्या दरवाजाचा, मग ट्रॉलीच्या चाकांचा आवाज आला. "बरं," भाऊ म्हणाला. "इथं पुढच्या महिन्यात कसली तरी निवडणूक आहे, गावापुरती. आजोबांना व्हीलचेअरवरून मतदानाला मीच नेणार आहे. त्यांनी आमच्या मॅनेजर मॅडमना सांगून माझी ड्युटी लावून घेतलीय."

वहिनींचा हात थांबला. "तू नाव नोंदवलंस का?"

"कशात?"

"मतदार यादीत. तिथे राहणाऱ्या भारतीय माणसाला मत असतं. तुलाही आहे."

"मला? हितं?" तो मोठ्याने हसला. मग हसणं थांबलं. "खरंच म्हणतेस, ताई? मग सांग ना. तुला तिथलं सगळं माहितीये. मी कुणाला देऊ?"

तव्यावरचं थालीपीठ करपायला लागलं होतं. दादांनी पुढे होऊन गॅस बारीक केला. ते काही बोलले नाहीत. वहिनींनी पिठाचे हात ओढणीला पुसले, फोन उचलला, कानाशी नेला आणि तसाच थोडा वेळ धरला.

"ताई? आहेस ना?"

त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि थालीपीठ उलटायला वळल्या. फोनला पीठ लागलं होतं. पलीकडे तो वाट बघत होता, आणि मीही तो कानाशी धरून उभा राहिलो.